अकराचा भोंगा

बाईमाणूस क्रेनवर चढायला घाबरतं, असं पुरुष सांगतात. मला विचाराल तर शिडीची भीती पहिल्या आठवड्यातच मरते, पुढे उरतो तो कंटाळा. वर एक काचेची केबिन, तिच्यात एक खुर्ची, दोन दांडे, एक वॉकीटॉकी आणि मी. सकाळी एकदा चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाही, म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायचं. मोबाइल खाली कपाटात कुलूपबंद. वर कुणाच्या हातात मोबाइल दिसला तर त्याच दिवशी घरी पाठवतात. दिवसभर माझ्याशी बोलणारा माणूस एकच, खाली उभे असलेले सिग्नलवाले दादा, आणि त्यांचं बोलणं तरी काय? "वर घे. थांब. डावीकडे. अजून थोडं. सोड." असल्या आमच्या गप्पा.

साइटवर मला घार म्हणतात. दादांनीच ठेवलेलं नाव. नजर तीक्ष्ण म्हणून ठेवलं की जीभ, ते मी कधी विचारलं नाही.

घारीला एक पिल्लू आहे, गोटी. तीन पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे, पण गाल असे की दुसरं नाव सुचलंच नाही. गोटीचा बाप आहे, म्हणजे जिवंत आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात. त्याच्याबद्दल याहून जास्त बोलायला माझ्याकडे वेळ नाही. माझी आई गेली. बहीण आहे, पण तिचंच तिला पुरून उरलंय. तेव्हा मी वर असताना गोटीला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न रोज सकाळी दात घासायच्या आधी माझ्यासमोर उभा.

उपाय केले नाहीत असं नाही. आधी शेजारीण. "अगं, टाक की माझ्याकडे, ती काय मला जड आहे?" म्हणाली. जड नव्हतीच, कारण तिनं उचललीच नाही कधी. टीव्हीसमोर बसवायची ती संध्याकाळपर्यंत. गोटीला जाहिराती तोंडपाठ झाल्या आणि ओल्या चड्डीनं मांड्या सोलवटून निघाल्या. मग एक तरुण मुलगी ठेवली, बोलायला साखर. एकदा लवकर सुट्टी झाली म्हणून घरी आले, तर दाराला बाहेरून कडी आणि खिडकीच्या गजांत गोटीचं तोंड. रडून रडून दमलेलं. त्या मुलीला मी काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. तिसरं ते रंगीत भिंतींचं पाळणाघर. तिथं सगळं नीटनेटकं, फक्त मूल शिंकलं की फोन: "लगेच घेऊन जा." आता माझा फोन कपाटात आणि मी ढगात. दुपारी खाली उतरले तर फोनवर पाळणाघराच्या नावाची ही रांग! धावत गेले. ऑफिसातल्या खुर्चीवर गोटी बसली होती, मांडीवर स्वतःची पिशवी घेऊन, पाहुण्यासारखी. कुणाकडेच बघत नव्हती. मला ते इतकं लागलं की मी त्या बायकांशी भांडायचंसुद्धा विसरले, आणि मी भांडण विसरणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

या सगळ्यात माझ्या दांड्या झाल्या. साहेबांनी बोलावून घेतलं. "पुन्हा दांडी झाली तर क्रेन दुसऱ्याच्या हातात देईन. मुलं सांभाळायला आभाळातून कुणी उतरून येत नसतं."

"आभाळात तर मीच असते, साहेब," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पण बोलणं खरं होतं. दुसरं काम मला येत नाही, आणि मला हेच येतं याचा मला गर्व आहे. क्रेन गेली तर आम्ही दोघी कुठे जाणार होतो?

त्याच सुमाराला आमची नवी साइट सुरू झाली. तिथं पहिल्याच दिवशी वरून मला एक गच्ची दिसली. मधे दोन रस्ते, त्यापलीकडे. दोरीवर चिमुकले कपडे वाळत होते, सगळे एका मापाचे नव्हते, म्हणजे एका घरचे नव्हते. अकराच्या सुमाराला दाराच्या काळ्या चौकोनातून मुलं बाहेर आली. वरून ती मोहरीएवढी दिसतात. एक बाई कपडे वाळत घालत होती, दुसरी केस मोकळे सोडून उन्हात बसली होती आणि एक मोहरी तिच्या मांडीवर चढत होती. ढकलली की परत चढत होती. मी बघतच राहिले. खालून दादा ओरडले, "घार, झोपलीस का? वर घे!"

काही दिवस असंच बघितलं आणि एका संध्याकाळी गोटीला घेऊन ते घर शोधायला निघाले. वरून सगळं कसं सरळ दिसतं, हे घर, हा रस्ता, ही टाकी. खाली उतरलं की गल्ली गल्लीत शिरते आणि आपण वेड्यासारखे फिरतो. शेवटी सायकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मुलं सांभाळणाऱ्या काकू ना? कान द्या आणि आवाजाच्या दिशेनं चाला."

काकूंनी दार पायानं उघडलं, कारण दोन्ही काखांत दोन पोरं होती. उंच, हाडकुळ्या, एका गुडघ्यानं अधू, आणि आवाज असा की कंडक्टर व्हायच्या राहिल्या.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी तुम्हाला रोज वरून बघते."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मी खिडकीतून क्रेन दाखवली.

"अगं बाई! म्हणजे मी केस वाळवत बसते ते दिसतं?"

"दिसतं."

"मग आता नीट बसायला हवं," त्या म्हणाल्या आणि काखेतलं एक पोर माझ्याकडे दिलं. "धर जरा. आता बोल."

बोलणं फार झालंच नाही. गोटीला त्यांनी जवळ घेतलं, तिचं नाक पुसलं, कानामागे मळ आहे का ते बघून मला शेलके दोन शब्द सुनावले. मला राग यायला हवा होता, पण मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. माझ्या मुलीचे कान माझ्याशिवाय कुणी तपासले नव्हते.

मग मी माझी मागणी सांगितली. अकराला काकूंच्या सूनबाई, त्या कपडे वाळत घालणाऱ्या, मुलांना गच्चीवर नेतात तेव्हा गोटीला लाल टोपी घालायची. म्हणजे मला ती ओळखू येईल.

"मी मुलं सांभाळते, बाई, निशाणं फडकवत नाही." पण टोपी त्यांनी घेतली. मी चप्पल घालत असताना म्हणाल्या, "एक सांग. तुझं वर लक्ष उडालं तर खाली माणसं मरतील ना?"

"मरतील."

"हं," त्या म्हणाल्या. "मग तू हिची काळजी करायची नाहीस."

पहिल्या दिवशी अकरा वाजता गच्चीवर लाल ठिपका आला. काय करावं? हाक पोचणार नाही, हात दिसणार नाही. मी भोंगा दाबला, एकदा, जोरात. ठिपका क्षणभर थबकला, मग दारातून आत पळाला. खेळतेय, मी म्हटलं. दोन-चार दिवसांनी ठिपका पळाला नाही. कठड्याजवळ येऊन उभा राहिला, आणि त्यातून हात वर झाला. मी त्या काचेच्या डब्यात एकटी बसून मोठ्यानं हसले.

त्या संध्याकाळी काकूंच्या दारात पोचले ती ओरडतच. "काकू, आज तिनं हात केला! मला दिसला!"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं," म्हणाल्या आणि गोटीची पिशवी आणायला आत गेल्या.

दादा म्हणायचे, "घार, भोंगा कशाला? हुकाखाली कुणी आलंय का?"

"नाही दादा. चुकून दाबला."

"रोज अकरालाच चुकतं का गं तुझं?" पण साहेबांना त्यांनी सांगितलं नाही.

मग माझे दिवस बदलले. सकाळी चढताना मी अकराची वाट बघत चढायची. त्या ठिपक्याशी मी बोलायला लागले. रात्री लाईट गेली तेव्हा तू किती शहाण्यासारखी झोपलीस, काल तुझा बाप फोन करणार होता, केला नाही, मेला. जे घरी गोटीशी बोलता यायचं नाही, कारण घरी स्वयंपाक, धुणं आणि झोप, ते सगळं मी वरून बोलायची. ठिपका हात हलवायचा. माझ्या आयुष्यात मला बघून इतकं खूश होणारं दुसरं कुणी नव्हतं.

घरी मी तिला विचारायची, "आज पों ऐकलंस? आईनं पों केलं!" ती कानांवर हात ठेवायची. "पों नको." मी तिचे गाल ओढायची. "नको म्हणे! थांब, उद्या दोनदा वाजवते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच दोनदा वाजवायची.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. सकाळपासून केबिन हलत होती. अकराला लाल ठिपका आला, मी भोंगा वाजवला, त्यानं आज दोन्ही हात वर केले. तेवढ्यात वाऱ्याची धोक्याची घंटा झाली. अशा वेळी क्रेनचा लांब हात मोकळा सोडायचा, म्हणजे तो वाऱ्याबरोबर फिरतो, आणि आपण उतरायचं. साहेब म्हणाले, "जा घरी. आज वारा काही ऐकत नाही."

अहाहा! भर दिवसा सुट्टी. मी बिस्किटं घेतली आणि काकूंच्या घराकडे जवळजवळ पळतच निघाले. गोटीला गच्चीवरच गाठायचं, मागून जाऊन डोळे झाकायचे, असा माझा बेत होता.

जिन्यात मुलं भेटली. वारा वाढल्यामुळे सूनबाई त्यांना खाली आणत होत्या. सगळ्यांत पुढे लाल टोपी. टोपीखाली भलतंच तोंड. औषधाच्या दुकानवाल्याची मुलगी, चांगली पाच वर्षांची, पुढचा दात पडलेली.

"क्रेनवाली आई आली!" ती ओरडली. "मी आज दोन्ही हात केले! दिसले?"

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. "दिसले," मी म्हटलं आणि तिला ओलांडून आत गेले.

आतल्या खोलीत काकू जमिनीवर बसल्या होत्या, अधू पाय लांब करून. गोटी त्यांच्या मांडीत, तोंड त्यांच्या पोटात खुपसलेलं, आणि काकूंचे दोन्ही तळवे तिच्या कानांवर. भोंगा वाजून किती वेळ झाला होता! मी शिडी उतरले, साहेबांशी बोलले, बिस्किटं घेतली, चालत आले. तरी ते तळवे कानांवरच होते.

गोटीनं मान वर केली. मला बघितलं. धावत आली नाही. आधी माझा पाय धरून बघितला, मग म्हणाली, "आई, तू सुटलीस?"

"कुठून सुटले, बाळा?"

तिनं खिडकीकडे बोट केलं. तिथं क्रेन वाऱ्यात फिरत होती. "त्यानं तुला खाल्लं. मग ते ओरडतं."

मी खाली बसले.

"पहिल्या दिवसापासून असं आहे," काकू म्हणाल्या. "भोंगा झाला की किंचाळत खाली पळायची. दोन-चार दिवस बघितलं. मग वर जायचंच नाही म्हणाली. आम्ही सगळे सांगतो, अगं, ती आई आहे, आई हाक मारते. हिला पटत नाही. अकरा व्हायच्या आधीच येऊन माझी मांडी धरते."

"आणि टोपी?" माझा आवाज चढला. "टोपी त्या मुलीला घातलीत? रोज? काकू, ही फसवणूक आहे!"

"आहे."

"मी रोज त्या परक्या पोरीकडे बघून..." काय काय बोलले होते मी त्या ठिपक्याशी!

"सांगणार होते," काकू म्हणाल्या. "टोपी एक दिवसापुरती घातली होती त्या पोरीला, तुला घोर नको म्हणून. संध्याकाळी सांगणारच होते. तर तू दारात आलीस ती नाचतच. हात केला म्हणालीस. तुझं तोंड बघितलं आणि माझी जीभ उचलेना. तुला हसताना मी तोवर बघितलंच नव्हतं. काय सांगू? तुझी हाक ऐकून तुझीच लेक भिते, हे सांगू? आणि मग तू तिथं वर बसून डोळे पुसणार, आणि खाली माणसं."

"मला शिकवू नका!" मी ओरडले. आतल्या झोळीतलं कुणाचं तरी बाळ उठलं. मी गोटीची पिशवी घेतली, तिच्या पायांत चपला कोंबल्या, उजवी डावीत गेली, तशीच तिला उचलून जिना उतरले. काकूंनी अडवलं नाही. त्यांना उठायलाच वेळ लागतो.

रस्त्यावर वारा नुसता झोंबत होता. मी तरातरा कोपऱ्यापर्यंत गेले. आणि मग थांबले. कारण जायचं कुठे? घरी जाऊ, बरं. आणि उद्या? शेजारीण, टीव्ही? कडी लावणारी ती साखर? मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीत बसलेली गोटी? कुणाला तरी फोन करावा, रडावं, शिव्या द्याव्यात, सल्ला विचारावा, म्हणून मोबाइल काढला आणि नावं वर-खाली करत राहिले. बहिणीचं नाव आलं, गेलं. साहेब. दादा. दादांना काय सांगणार? भर रस्त्यात, भर दिवसा मला कळलं की माझं म्हणावं असं या जगात कुणीही नाही. जे एक होतं, ते मला घाबरत होतं.

गोटी माझ्या खांद्यावर मान टाकून होती. तिच्या केसांना काकूंच्या घरातल्या साबणाचा वास येत होता. नखं कापलेली. मांड्यांवर आता एक डाग नव्हता. मी वर बसून भोंगा वाजवत होते तेव्हा कुणीतरी पोरांचा गोतावळा सुनेवर सोडून, दुखरा पाय पसरून, रोज तिच्या कानांवर हात धरून बसत होतं. खोटं बोलणारी बाई आणि कान झाकणारी बाई या दोन बायका असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती एकच होती, आणि माझ्याकडे दुसरी नव्हती.

मी परत जिना चढले. काकू दारातच उभ्या होत्या, उठायला जमलं होतं.

"उद्या आणते हिला," मी म्हटलं. "टोपी नको. आणि भोंगा वाजणार नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. मग खाली बघून, "चपला उलट्या घातल्यास."

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. अकरा वाजले. गच्चीवर मोहऱ्या सांडल्या. एक मोहरी कठड्याशी येऊन उड्या मारायला लागली, हात हलवायला लागली. टोपी नसली तरी ती कोण ते मला कळत होतं. माझा हात भोंग्यापाशी गेला आणि मी तो मांडीखाली दाबून धरला. बराच वेळ उड्या मारून ती बिचारी कंटाळली आणि दुसऱ्या मुलांत गेली.

वॉकीटॉकी खरखरला. "घार, अकरा वाजून गेले. आज चुकलं नाही ते?"

"नाही दादा. आता चुकणार नाही."

दादा मग म्हणाले, "बरं. वर घे."

त्यानंतर मी गच्चीकडे बघायचं सोडलं. तिथं माझं कुणी नव्हतं. मी सळ्यांचे भारे उचलले, सिमेंट उचललं, पत्रे उचलले. साहेब म्हणाले, आताशा काम चोख चाललंय. चालणारच, करणार काय दुसरं? गोटी खाली आतल्या खोलीत आहे, तिला कुणी भिववत नाही, असं मी स्वतःला सांगायची, आणि त्यानं बरंसुद्धा वाटायचं. पण पूर्वी मी वर बोलायची. आता दिवस दिवस माझा आवाज मला ऐकू यायचा नाही. संध्याकाळी गोटीला हाक मारताना घसा खाकरावा लागायचा.

असेच दिवस गेले. आणि एका संध्याकाळी काकूंच्या दारात गोटी चपला घालून तयार, काहीतरी सांगायला नुसती उसळत होती.

"आई, मी वर गेले!"

"कुठे वर?"

"गच्चीवर," काकू मागून म्हणाल्या. त्यांनी गुडघ्याला पट्टी बांधली होती. "आज आपण होऊन म्हणाली. रोज विचारायची, आज पों नाही? उद्या पण नाही? खात्री करून घेतली आणि मग निघाली."

"मी हात केला," गोटी म्हणाली. "तुला. खूप वेळ."

आज अकराला मी काय करत होते? सळ्यांचा भारा वळवताना गच्ची काचेसमोरून गेली होती. काही मोहऱ्या होत्या. मी मान फिरवली होती.

"तू बघितलंस?" गोटीनं विचारलं.

काकू माझ्याकडे बघत होत्या.

"बघितलं ना," मी म्हटलं. "चांगले दोन्ही हात केलेस!"

"एकच केला," गोटी म्हणाली. "दुसरा काकूंनी धरला होता."